जातिवंत कुत्रें आणि त्याचें नैसर्गिक शेंपूट

आखाड्यावर बैलाइतकीच कुत्र्याचीही गरज असते. हरणें व रानडुकरें यांपासून उभ्या पिकाचें आणि लांडग्यापासून मेंढ्यांचें रक्षण तें रात्रभर जागून करितें. असें असूनही बैलाच्या जातीची परीक्षा आपण जितक्या बारकाईनें करितों, तितकी कुत्र्याची करीत नाहीं. वानेरा, बालंक्या व शेवेरा हे देवणीचे तीन प्रकार आपल्याकडील जाणता शेतकरी रंगावरून तत्काळ ओळखतो. परंतु कुत्र्याचें पिलूं घेतांना तोच गृहस्थ कान कापले आहेत काय, शेंपूट किती ठेविलें आहे, नखें अठरा आहेत कीं वीस, एवढेंच विचारतो. निसर्गानें दिलेले अवयव दोष समजून कापणें कितपत योग्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

जातीचीं लक्षणें लिहून ठेवणें हें पाहणीपत्रकासारखेंच काम आहे. शेतांत ज्वारी उभी असतां पत्रकीं कापूस लिहून चालत नाहीं. तसेंच जें जनावर जसें जन्मतें, तसेंच त्याचें वर्णन व्हावयास पाहिजे. कुत्र्यांच्या बाबतींत मात्र पुष्कळ काळ उलट रीत चालत आली. आधीं कात्री चालवावयाची आणि मग कापलेलें रूप हेंच जातीचें लक्षण म्हणून लिहावयाचें! डॉबरमन व रॉटवायलर हीं जर्मन कुत्रीं आंखूड शेंपटाचींच जन्मतात, असा अनेकांचा समज आहे. वस्तुतः त्यांस उपजत लांब शेंपूट असतें.

या रीतीचें मूळ फार जुनें आहे. रोमन शेतकी-ग्रंथकार कोलुमेला यानें पहिल्या शतकांत असें लिहून ठेविलें आहे कीं, पिलूं चाळीस दिवसांचें झाल्यावर त्याच्या शेंपटाचा शेवट तोडला म्हणजे तें पिसाळत नाहीं. पिसाळण्यावर खरा उपाय १८८५ सालीं पाश्चरच्या लशीनें मिळाला; शेंपूट तोडण्याची चाल मात्र तशीच राहिली. आपल्याकडे कान कापल्यानें कुत्रें तिखट होतें असें म्हणतात, तोही याच मासल्याचा समज होय. तिखटपणा वंशांत व शिकवणींत असतो, कानाच्या पाळींत नसतो.

आतां या अवयवांचें काम पाहूं. शेंपूट म्हणजे पाठीच्या कण्याचाच पुढील भाग. त्यांत मणके, स्नायू व मज्जातंतू असतात. धांवतांना वळण घेण्यास तें तोल देतें, आणि कुत्र्याचा राग, भय व आनंद दुसऱ्या कुत्र्यास कळवितें. तें बहुधा पिलूं थोड्या दिवसांचें असतांना, पुष्कळ वेळां गुंगीचें औषध न देतांच कापतात.

पुढील पायांवर, आंतल्या बाजूस, जमिनीपासून वर जें अंगठ्याचें नख असतें, तेंही निरुपयोगी नाहीं. तें हाडास जोडलेलें असून भरधांव पळतांना जमिनीस टेकतें व वळतांना आधार देतें. हाड धरण्यासही तें उपयोगी पडतें. सामान्यतः पुढें दहा व मागें आठ मिळून अठरा नखें होतात. मागेंही अंगठे असल्यास वीस भरतात. मागील नख कित्येकदां केवळ कातडीनें लोंबतें व अडकून फाटतें. असें झाल्यास पशुवैद्याकडून तें काढून घेणें हा उपचार होय. त्यासाठीं सरसकट सर्व पिलांचीं नखें काढण्याचें कारण नाहीं. फ्रान्समधील ब्रियार्ड व बोसरॉन या मेंढपाळी कुत्र्यांस मागील पायीं दुहेरी अंगठा नसला तर तो दोष धरितात. एके ठिकाणीं जें भूषण, तेंच दुसरीकडे कापून टाकावयाचें, यावरून हा प्रकार गरजेपेक्षां आवडीचाच अधिक आहे हें उघड होतें.

यावर एक आक्षेप आहे. कामाच्या कुत्र्याचें लांब शेंपूट झुडपांत फाटतें, म्हणून तें आधींच आंखूड केलेलें बरें, असें म्हणतात. हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. स्कॉटलंडनें २०१७ सालीं कामाच्या कांहीं शिकारी जातींस मर्यादित सवलत दिली, ती याच कारणानें. परंतु ब्रिटनमधील १,३८,२१२ कुत्र्यांची पाहणी २०१० सालीं प्रसिद्ध झाली, तींत शेंपटाच्या दुखापती २८१ च आढळल्या, आणि एक दुखापत टाळण्यास सुमारें ५०० कुत्र्यांचीं शेंपटें कापावीं लागतील असा हिशेब निघाला. त्याच पाहणींत ग्रेहाउंडसारख्या सडपातळ धांवऱ्या कुत्र्यांस धोका अधिक दिसला; आणि नेमक्या याच जातींचें शेंपूट कापण्याची चाल नाहीं! दुखापतीचें कारण खरें असतें, तर कात्री प्रथम तेथें चालली असती.

जगांत आतां मत पालटत आहे. १९८७ च्या युरोपीय करारानें केवळ रूपासाठीं शेंपूट व कान कापण्यास मनाई केली. जर्मनींत १९९८ पासून, कामाच्या शिकारी कुत्र्यांचा अपवाद सोडून, शेंपूट कापणें बंद आहे. इंग्लंडांत २००७ पासून, कामाच्या कांहीं कुत्र्यांचा अपवाद सोडून, बंदी आहे. आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या वर्णनांत डॉबरमन व रॉटवायलर यांचें शेंपूट आतां नैसर्गिकच लिहिलें आहे. अमेरिकेच्या केनेल क्लबाच्या वर्णनांत मात्र तें अजून कापलेलें आहे.

आपल्या देशाचा १९६० चा प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा पाहावा. त्याच्या कलम ११ प्रमाणें जनावराचें अंग तोडणें गुन्हा आहे. शिंगें काढणें, खच्ची करणें, डाग देणें व वेसण घालणें यांस, ठरलेल्या रीतीनें केल्यास, सूट आहे. त्या यादींत कुत्र्याचें शेंपूट, कान वा नख यांचें नांव नाहीं.

आपल्या मराठवाड्याचें खरें धन म्हणजे कारवानी कुत्रें. लातूर जिल्ह्यांतील जानवळ हें गांव त्यासाठीं प्रसिद्ध आहे. याचाच जवळचा आप्त मुधोळ हाउंड याची नोंद कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संस्थेनें केली आहे. लांब निमुळतें शेंपूट हें या कुत्र्याचें निसर्गसिद्ध लक्षण. तें कोणी कापीत नाहींत, ही समाधानाची गोष्ट होय. जी दृष्टि आपण कारवानीस लावितों, तीच सर्व कुत्र्यांस लावावी, एवढेंच मागणें आहे.

यास्तव शेतकरी बंधूंस विनंती अशी कीं, पिलूं घेतांना आईबाप पाहावे, छाती, पाय व चाल पाहावी. अखंड शेंपटाचें व कानांचें पिलूं मागावें. ग्राहकानें मागितलें म्हणजे विकणारा आपोआप कात्री ठेवील. कुत्र्यास अरुंद खुराड्यांत कोंडूं नये, रेबीजची लस वेळेवर टोंचावी आणि मागील लोंबतें नख वेळोवेळीं पाहावें. माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत पशूंबरोबर श्वानांचेंही प्रदर्शन भरतें. तेथील व अन्यत्रच्या परीक्षकांनीं अखंड शेंपटास व अंगठ्याच्या नखास गुण कमी देऊं नयेत, आणि केवळ शोभेसाठीं कापलेल्या अंगास बक्षीस देऊं नये. आपल्या संस्थेनें असा ठराव करून संबंधितांकडे धाडल्यास, त्या मुक्या राखणदाराच्या उपकारांची अल्पशी फेड होईल.