यानात मराठी चालते का?

२०२५ च्या दसऱ्याच्या सुट्टीत नात निपाणीला आली होती. ती बेळगावात इंग्रजी शाळेत सहावीला आहे. सकाळी स्वयंपाकघरात आली आणि ओल्या फडक्यात बांधलेली मोडाची मेथी बघून म्हणाली, "आज्जी, मेथी अंतराळात जाऊन आली, ठाऊक आहे तुला?"

ठाऊक होते, पण तिच्या तोंडून ऐकायचे होते. म्हणून म्हटले, "सांग बघू."

तिने शाळेत ऐकलेले सगळे सांगितले. २५ जून २०२५ रोजी शुभांशु शुक्ला अ‍ॅक्सिअम-४ मोहिमेतून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे निघाले आणि १५ जुलैला परतले. त्यांच्याबरोबर मेथीचे आणि हिरव्या मुगाचे दाणे होते. प्रयोग होता आपल्या शेजारच्या धारवाडचा, तिथल्या कृषी विज्ञान विद्यापीठाच्या आणि आयआयटीच्या शास्त्रज्ञांचा. वजनच नाही अशा ठिकाणी दाण्याला मोड कसा येतो, त्यातले पोषण टिकते का, हे त्यांना बघायचे होते. शुक्लांनी दाण्यांना पाणी घातले, मोड आले, त्यांची छायाचित्रे काढली आणि ते परत आणण्यासाठी शीतपेटीत ठेवले. उद्या माणसे महिनोन्महिने यानात राहिली तर ताजे खाणार काय, या प्रश्नाचे एक साधे उत्तर आपल्या उसळीत आहे.

नातीच्या डोळ्यांतली चमक बघून मी कपाटातून एक जुने पुस्तक काढले. डॉ. जयंत नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा विज्ञानकथांचा संग्रह. पाने पिवळी झालेली, बांधणी सुटलेली. तिच्या हातात दिले आणि म्हटले, "वाच."

ती वाचू लागली आणि माझा जीव कासावीस झाला. एकेक अक्षर लावत, जोडाक्षराला अडखळत, चार ओळींना पाच मिनिटे! घरात अस्खलित मराठी बोलणारी ही पोर मराठी वाचत नव्हती, उलगडत होती.

दोष तिचा नाही. शाळेत इंग्रजी आणि कन्नड. सूनबाई गोकाककडची, तिची मातृभाषा कन्नड. त्यामुळे पोरीला कन्नड वाचता येते आणि त्याचा मला आनंदच आहे. दोन्हीकडच्या आजींना ती 'आज्जी'च म्हणते, कारण तो शब्द दोन्ही भाषांचा आहे. पण मी मराठीची शिक्षिका. तीस वर्षे दुसऱ्यांच्या मुलांना बाराखडी गिरवायला लावली आणि स्वतःच्या नातीची बाराखडी राहून गेली. एवढेच नव्हे, तर तिचा बाप शाळेत असताना असली पुस्तके वाचायचा, तेव्हा "ग्रहताऱ्यांच्या गोष्टी वाचून पोट भरत नाही, गणिते सोडव" म्हणून मीच ती कपाटात कुलूपबंद केली होती.

पुस्तक खाली ठेवून नातीने विचारले, "आज्जी, यानात मराठी चालते का गं?"

मला उत्तर सुचले नाही. आठ दिवस मी ते शोधत होते.

कोचीन, बनारस आणि कोल्हापूर

आधी मराठीतल्या अंतराळकथांचीच कुळकथा आठवून पाहिली. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाची चंद्रावरच्या सफरीची कादंबरी विसाव्या शतकाच्या आरंभी मराठीत आली, ती 'केरळकोकिळ' मासिकातून. हे मासिक सुरू झाले कुठे? पुण्यात नाही, मुंबईत नाही, तर दूर कोचीनला. तिथल्या मराठी माणसांनी मल्याळी मुलखात राहून मराठी मासिक काढले आणि त्यातून मराठी वाचक चंद्राच्या वाटेला लागला.

नारळीकरांचे तर घरच आपल्या शेजारचे. १९ जुलै १९३८ रोजी ते कोल्हापूरला जन्मले, म्हणजे निपाणीहून तासाभरावर. पण वाढले बनारसला. वडील तिथल्या हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. मुलाची शाळा हिंदी माध्यमाची, घर मात्र मराठी. पुढे केंब्रिजला फ्रेड हॉईल यांच्याबरोबर विश्वरचनेवर संशोधन केले. हे हॉईलही विज्ञानकादंबऱ्या लिहीत. नारळीकर १९७२ साली मुंबईत परतले आणि १९७४ साली त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पाठवली. आपल्या नावाचा परिणाम परीक्षकांवर होऊ नये म्हणून स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून 'नारायण विनायक जगताप' हे टोपणनाव घेतले. अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. पहिले बक्षीस त्या जगतापांनाच मिळाले!

पुढे 'प्रेषित', 'वामन परत न आला' अशा कादंबऱ्या आल्या. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनीही ही वाट रुंद केली. नारळीकर २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २० मे २०२५ रोजी पुण्यात ते गेले. त्यांच्या मागे सव्वा महिन्यातच धारवाडची मेथी अंतराळात गेली.

या हिशेबातून माझ्या मनाला एक गोष्ट लागली. हिंदी शाळेत शिकलेला मुलगा पुढे मराठीत कथा लिहितो, कारण घराने भाषा सोडली नव्हती. भाषा सरहद्दीच्या अलीकडे आहे की पलीकडे, यावर ती टिकणे अवलंबून नसते. ती घरात वाचली जाते की नाही, यावर असते.

यानातला संसार

नातीबरोबर रोज दोन पाने वाचायचे ठरले. वाचता वाचता तिचे प्रश्न सुरू झाले, आणि ते सगळे संसाराचे प्रश्न होते. पाणी कुठून आणतात? भांडण झाले तर कुठे जातात? आईची आठवण आली तर?

पाण्याचे मी सांगितले. आमच्या सुरुवातीच्या संसारात नळाला पाणी नेमाने येत नसे. तांदूळ धुतलेले पाणी तुळशीला आणि भांडी विसळलेले केळीला जाई. अंतराळ स्थानकात तर घाम, श्वासातली वाफ आणि लघवीसुद्धा शुद्ध करून पुन्हा पिण्यासाठी वापरतात. २०२३ साली हे प्रमाण ९८ टक्क्यांवर गेल्याचे नासाने जाहीर केले. नातीने नाक मुरडले, पण मग म्हणाली, "म्हणजे तू यानात चालशील, आज्जी!"

माणसे अंतराळात कायमची वस्ती करतील तर ती कशी असेल, याचाही शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला आहे. नारळीकरांची कथा आली त्याच १९७४ साली अमेरिकेतले प्राध्यापक जेरार्ड ओ'नील यांनी अवकाशात तरंगणाऱ्या वसाहतींची कल्पना मांडली. १९७५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात जमलेल्या अभ्यासकांनी एका वसाहतीचा आराखडा केला. पावणेदोन किलोमीटरहून थोडा जास्त व्यास असलेले, मेदूवड्यासारखे पोकळ कडे आणि त्यात दहा हजार माणसे, म्हणजे आपल्याकडचे एखादे मोठे गावच. हे कडे मिनिटाला एक फेरा घेणार. पाण्याने भरलेली बादली हातात धरून गरगर फिरवली तर पाणी सांडत नाही, बुडालाच चिकटून राहते. तसेच त्या फिरत्या गावात माणसांचे पाय जमिनीवर राहतील.

पण गाव बांधणे सोपे आणि गावात नांदणे अवघड. त्याची एक रंगीत तालीम अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात झाली. सप्टेंबर १९९१ मध्ये चार पुरुष आणि चार स्त्रिया 'बायोस्फिअर-२' नावाच्या काचेच्या बंद घरात दोन वर्षांसाठी राहायला गेल्या. जागा तीन एकरांहून थोडी जास्त. आत शेती, जनावरे, छोटेसे जंगल, तळे. आपले पिकवायचे आणि आपले खायचे. झाले काय? पीक पुरेना, माणसे अर्धपोटी राहू लागली. मातीतल्या जिवाणूंनी प्राणवायू खाल्ला आणि हवेतले त्याचे प्रमाण जवळपास २१ टक्क्यांवरून साडेचौदावर आले. शेवटी बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. आणि आठांचे दोन गट पडले, चार इकडे, चार तिकडे. काही जण एकमेकांशी कामापुरतेही नीट बोलेनात. तरी शेताला पाणी देणे आणि जनावरांची देखभाल कुणी थांबवली नाही. दोन वर्षे पुरी करूनच सगळे बाहेर आले.

हे वाचून मला आमच्या वाड्यातल्या दोन जावा आठवल्या. वर्षभर अबोला, पण एकीच्या दुधावर दुसरीची नजर असायची, उतू जाऊ नये म्हणून.

आठवणीच्या प्रश्नाला सुनीता विल्यम्स यांची गोष्ट सांगितली. जून २०२४ मध्ये आठवडाभराच्या कामासाठी गेलेल्या त्या यानातल्या बिघाडामुळे २८६ दिवस वर राहिल्या आणि मार्च २०२५ मध्ये परतल्या. त्यांना निदान घरच्यांशी बोलता येत होते. मंगळावर गेलेल्या माणसाचा निरोप पृथ्वीवर पोचायला तीन ते बावीस मिनिटे लागतील. "जेवलीस का?" विचारायचे आणि उत्तराची वाट बघत कधी कधी पाऊण तास बसायचे. कृष्णविवराजवळ तर काळच मंदावतो, असे भौतिकशास्त्र सांगते. तिथून परत आलेल्याला घरची माणसे आपल्यापेक्षा जास्त म्हातारी झालेली दिसतील. नात गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "तू म्हातारी होण्याआधी मी परत येईन." मी म्हटले, "ते तर राहिलेच आता!"

समोरच्याची भाषा

तिच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मला १९७५ सालच्या एका प्रसंगात सापडले. त्या जुलैमध्ये अमेरिकेचे अपोलो आणि सोव्हिएत रशियाचे सोयूझ ही याने अंतराळात एकमेकांना जोडली गेली. जमिनीवर दोन्ही देशांचे वैर, वर मात्र एका दारातून ये-जा. बोलायचे कुठल्या भाषेत? दोन्ही बाजूंनी सराव करून ठरवले की अमेरिकनांनी रशियन बोलायचे आणि रशियनांनी इंग्रजी. परकी भाषा बोलताना माणूस सावकाश, सोपे बोलतो, म्हणून ऐकणाऱ्याला ते नीट समजते.

वाचकहो, हे आपल्याला नवे आहे का? निपाणीच्या बाजारात उभे राहा. मराठी दुकानदार चिकोडीकडच्या गिऱ्हाइकाशी तोडक्यामोडक्या कन्नडमध्ये बोलतो आणि ते गिऱ्हाईक मराठीत भाव करते. दोघांचीही व्याकरणे मोडतात, पण व्यवहार मोडत नाही. भाषेच्या प्रश्नावर आपण इतकी वर्षे भांडलो, आपली गाऱ्हाणी खरी आहेत आणि ती मी पुसू म्हणत नाही. पण शेजाऱ्याची भाषा बोलण्याचे हे शहाणपण आपल्या बाजाराला कुणी शिकवावे लागले नाही.

म्हणून नातीला सांगितले, "यानात कामाची भाषा सगळ्यांची असते. तिथे रशियन आणि इंग्रजी दोन्ही लागतात. पण शुभांशु शुक्ला देशाशी हिंदीत बोलले. आपली भाषा न्यायला कुणी अडवत नाही, तिला वजनही नसते. पण जी येथे नीट येत नाही ती तिथे कशी नेशील?"

सुट्टी संपताना ती अर्धे पान सलग वाचू लागली. जोडाक्षरे अजून अडतात. जाताना तिने वहीत एक गोष्ट लिहून दाखवली. यानाची कप्तान गोकाकची, इंजिनिअर निपाणीचा, आणि स्वयंपाकघरात मेथीला मोड आलेले. 'कृष्णविवर' हा शब्द तिने तीनदा खोडून चौथ्यांदा बरोबर लिहिला होता. तेवढ्यावर मी तिला दहापैकी दहा गुण दिले.

आता रोज रात्री साडेआठला बेळगावहून फोन येतो. ती एक पान वाचते, मी ऐकते. परवा पलीकडून तिच्या बाबाचा आवाज आला, "आई, ती एक ओळ चुकली, पुन्हा वाचायला सांग." म्हणजे तोही शेजारी बसून ऐकत होता. ज्या पुस्तकाला मी कुलूप घातले, ते त्याला अजून पाठ आहे!

तुमच्याही कपाटात असे एखादे पुस्तक असेल. काढा, धूळ झटका आणि पोराच्या हातात द्या. पोर अडखळेल, तेव्हा रागावू नका. शेजारी बसा.