हरणाऱ्या टीमचं तिकीट कोण काढतं?

पक्कं गिऱ्हाईक बघायचं तर शिकागो कब्जचे फॅन्स बघा. ही बेसबॉल टीम 1908 नंतर थेट 2016 मध्ये चॅम्पियन झाली. 108 वर्षं! 2012 च्या सीझनला तर 101 मॅच हरली, तरी 28 लाखांवर तिकिटं खपली. का? माझ्या मते दुपारची मॅच, रिग्ली फील्डची वेलींनी झाकलेली भिंत, वडिलांसोबत आलेलं पोर. लोक निकालासाठी नाही, सवयीने येत होते.

पण रोजचं गिऱ्हाईकच जास्त चिडतं ना? 2003 मध्ये फायनल गाठायला पाच आउट हवे होते, तेवढ्यात एका फॅनचा हात बॉलला लागला. त्या इनिंगमध्ये आठ रन दिल्या टीमने, खापर मात्र त्याच्यावर. घराला पोलीस बंदोबस्त! 2017 मध्ये क्लबने त्याला विजेतेपदाची अंगठी दिली.