विद्यापीठाचा माणूस विधिमंडळात

विद्वानाने राजकारणात पडावे की नाही, हा वाद जुना आहे. रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या चरित्राकडे पाहिले म्हणजे त्याचे उत्तर बव्हंशी मिळते, असे आम्हांस वाटते.

दापोलीनजीकच्या मुर्डी गावी १८७६ साली जन्मलेला हा कोकणचा मुलगा १८९९ साली केंब्रिजला ‘सीनियर रँग्लर’ झाला. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. मोठ्या पगाराच्या जागा त्यांना दुर्लभ नव्हत्या. परंतु ते फर्ग्युसन महाविद्यालयात परतले, १९०२ साली प्राचार्य झाले आणि सुमारे दोन दशके त्यांनी ती संस्था सांभाळली. १९१३ पासून ते मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात विद्यापीठाचे प्रतिनिधी म्हणून बसू लागले आणि १९२१ साली द्विदल राज्यपद्धतीत शिक्षणमंत्री झाले.

येथेच त्यांची खरी कसोटी लागली. शिक्षण हे खाते लोकनियुक्त मंत्र्याकडे, तर तिजोरीची किल्ली राखीव खात्यांत! अशा स्थितीत त्यांनी १९२३ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा संमत करून घेतला. शाळांचा कारभार लोकल बोर्डे व नगरपालिका यांजकडे आला आणि सक्तीच्या शिक्षणाचा मार्ग कायद्याने मोकळा झाला. १९११ साली नामदार गोखल्यांनी मांडलेले जे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळाने फेटाळले होते, त्याचे ऋण अंशतः तरी फिटले. मात्र स्थानिक संस्थांपाशी पैसा नव्हता, म्हणून सक्ती सर्वत्र पोहोचली नाही. पुढे १९३८ व १९४७ साली कायद्याची फेरमांडणी करावी लागली. हे अपयश झाकण्याचे कारण नाही. पैशावाचून दिलेला अधिकार पोकळ असतो, हा धडा त्यातून मिळाला.

मंत्रिपद गेल्यावरही त्यांचे शिक्षणकार्य थांबले नाही. १९३२ ते ३८ लखनौ व १९५६ ते ५९ पुणे विद्यापीठाचे ते कुलगुरू होते. १९६६ साली, नव्वदीत, त्यांचे निधन झाले.

आता प्रश्न आपला. महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ पैकी ७ जागा पदवीधरांच्या व ७ शिक्षकांच्या आहेत. पक्षांच्या गदारोळात ज्ञानाचा आवाज दडपू नये, हाच त्यामागील हेतू. पदवीधर मतदारसंघाची यादी प्रत्येक निवडणुकीस नव्याने होते. म्हणजे नाव नोंदविण्याचे कष्ट दर वेळी घ्यावे लागतात. ते न घेता “सभागृहात विद्वान उरले नाहीत” अशी हळहळ दिवाणखान्यात बसून करणारे सुशिक्षित आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. काही वर्षे आम्हीही हाती खडू धरला होता. गैरहजर विद्यार्थ्यास निकालाबद्दल तक्रार करण्याचा अधिकार नसतो, एवढे आम्हांस तेव्हापासून ठाऊक आहे.

परांजप्यांसारखी माणसे सभागृहात आपोआप जात नाहीत; त्यांना धाडावे लागते. हे कर्तव्य पदवीबरोबरच आपल्या पदरी आलेले आहे.