केडगावचा साधेपणा

घरातलं सामान कमी करायचं वारं आता शिरूर-दौंडकडंही पोचलंय. आमच्या ख्रिस्ती मंडळीतली तरुण मुलं त्याला मिनिमलिझम म्हणतात आणि विचारतात, "काकू, याचा विश्वासाशी काही संबंध आहे का?" आहे, आणि तो समजून घ्यायचा तर फार लांब जायला नको. पुणे-दौंड लोहमार्गावर केडगावला उतरलं की पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे.

रिकामं घर रमाबाईंनी लहानपणीच पाहिलं. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी होतं नव्हतं ते तीर्थक्षेत्री दानधर्मात घातलं. दागिने गेले, तांब्यापितळेची भांडी विकली गेली. दुष्काळात, 1874 साली, आईवडील गेले आणि पाठोपाठ बहीणही. ही उपासमार होती, साधेपणा नव्हे. आजही गळिताच्या हंगामात दौंडकडं उसाच्या फडाशेजारी ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात. तिथल्या बाईकडंही मोजकीच भांडी असतात. तिला कमी वस्तूंत राहण्याचा उपदेश कुणी करू नये. ज्याच्याकडं आहे, त्यानंच हा प्रश्न स्वतःला विचारायचा.

रमाबाईंकडं पुढं पुष्कळ आलं. 1883 साली इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. मग अमेरिकेत नाव झालं, बॉस्टनच्या मंडळींनी दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं आणि 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. इतकं होऊनही अंगावरचं साधं पांढरं लुगडं सुटलं नाही, शाकाहार सुटला नाही. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना शेकड्यांनी घेऊन आल्या. केडगावच्या जमिनीवर मुक्ती उभी राहिली ती त्यांच्यासाठी. गुजरातच्या दुष्काळानंतर तिथं दीड हजारांवर जणी होत्या.

अमेरिकेच्या मदतीची मुदत संपली ती याच काळात. ब्रिस्टलला प्रार्थनेच्या भरवशावर अनाथाश्रम चालवणाऱ्या जॉर्ज म्यूलरांची हकिगत रमाबाईंनी वाचली होती. ठरलेल्या मिळकतीवर न विसंबता त्याही देवावर हवाला ठेवून पुढं गेल्या. मला वाटतं, साधेपणाचा विश्वासावर होणारा परिणाम इथं सगळ्यात स्पष्ट दिसतो. प्रभूच्या प्रार्थनेत आपण रोजची भाकर मागतो. घरात कोठ्या भरलेल्या असल्या की ती मागणी सवयीनं तोंडातून निघून जाते. मुक्तीत ती आजच्या जेवणाची मागणी होती. आणि नुसती मागून त्या बसल्या नाहीत. विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम आणि छपाई मुलींना शिकवली. रमाबाईंनी मूळ भाषांतून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथल्याच छापखान्यात या मुलींच्या हातून तयार झालं.

आमचं शिरूर हे अमेरिकन मराठी मिशनचं जुनं ठाणं. रेव्ह. ना. वा. टिळकांची भजनं आम्ही पाळण्यापासून ऐकतो. त्यांनी 1917 मध्ये याच मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या येशूभक्तांनाही जागा होती. केडगाव काय, टिळक काय, सोडलं ते कुणाला तरी आत घेता यावं म्हणून. नुसत्या पांढऱ्या भिंती आणि मोजके कपडे याचाही गर्व चढतो, तो दागिन्यांच्या गर्वापेक्षा बरा नाही.

दौंडच्या माझ्या धाकट्या जावेनं मागं सोफा आणि काचेचं शोकेस काढून टाकलं. शोकेसमध्ये खोक्यातून कधी बाहेर न आलेला लेमन सेट होता, प्लॅस्टिकची फुलं होती, लग्नाकार्यातले स्टीलचे डबे होते. जागेअभावी घरगुती प्रार्थना तिच्याकडं कधी होत नसे. आता सतरंज्या अंथरल्या की बायका भिंतीला टेकून बसतात, पेटीलाही जागा होते. कुणाचा नवरा पितो, कुणाच्या मुलीचं लग्न मोडलंय, हे सगळं त्या सतरंजीवर बोललं जातं. पूर्वी तिच्या प्रार्थनेत घरच्यांचीच नावं असायची, आता गल्लीतली नावं येतात.

परवा तिचा फोन आला. "ताई, कुरकुंभच्या कंपनीत लागलेल्या एका मुलीला राहायला जागा मिळंना. आतली खोली देऊ का?" मी म्हटलं, भाड्याचं नंतर बघ, आधी तिथलं कपाट बाहेर काढ.