फांदी का तुटली? शर्यतीची गाडी आणि कार्यकारणभाव

कारण कोणतं आणि योगायोग कोणता, हे ओळखायचं कसं, हा आपला विषय. आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं तो पुस्तकात सोडवतो. आज अशा लोकांकडे जाऊ, ज्यांना तो हात काळे करून सोडवावा लागतो: अमेरिकेतले हौशी ड्रॅग रेसर.

ड्रॅग रेस म्हणजे सरळ पट्टा, शेजारी शेजारी दोन गाड्या आणि पाव मैल, म्हणजे १,३२० फूट अंतर. हौशी लोकांत ‘ब्रॅकेट’ शर्यत फार चालते. तिच्यात आपली गाडी किती सेकंद घेईल ते आधी जाहीर करायचं. संथ गाडीला त्या फरकाइतकं आधी सोडतात. पण जाहीर वेळेपेक्षा लवकर पोचलात, तर साधारणपणे बाद! म्हणजे नुसता वेग पुरत नाही. स्वतःच्या गाडीचं नेमकं ज्ञान लागतं.

या गाड्यांपैकी पुष्कळ आजही कार्बोरेटरवर चालतात. कार्बोरेटर आपल्याला नवा नाही. स्कूटर तिरकी करून किक मारलेली पिढी इथे बसली आहे. आत येणाऱ्या हवेच्या ओढीनं पेट्रोल खेचलं जातं आणि किती खेचलं जावं ते जेटच्या बारीक भोकावर ठरतं. मात्र हवा विरळ झाली, तर पेट्रोल त्याच प्रमाणात कमी होत नाही. मिश्रणात पेट्रोल जास्त होतं, गाडी मंदावते. कोलोरॅडोत डेन्व्हरजवळचा बँडिमेअर हा ट्रॅक सुमारे ५,८०० फूट उंचीवर होता. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा साधारण सोळा टक्के कमी. त्यामुळे तिथे जाताना लहान जेट घालावे लागत. पण एकाच ट्रॅकवरसुद्धा गार सकाळची हवा आणि तापलेल्या दुपारची हवा वेगळीच.

खरी मेख इथे आहे. समजा, दोन शर्यतींच्या मधल्या आठवड्यात गाडीवाल्यानं जेट बदलले, ठिणगीचं टायमिंग थोडं पुढे घेतलं, मागच्या टायरातली हवा कमी केली. पुढच्या शनिवारी गाडी सेकंदाच्या दहाव्या भागानं जलद धावली. श्रेय कुणाला? जेटला, टायमिंगला, टायरला, की त्या दिवशी पडलेल्या गारव्याला? कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, एवढंच आपल्याला ठाऊक.

जाणकार माणूस काय करतो? एक, दर धावेला तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब वहीत लिहितो. दोन, शर्यतीच्या दिवशी पहिली धाव काहीही न बदलता घेतो. मग आजच्या हवेचा हिशेब कळतो. तीन, एका वेळी एकच गोष्ट बदलतो. चार, आणि हे फार थोडे करतात, सुधारणा झाली की जुना जेट परत घालून पाहतो. गाडी पुन्हा मंदावली, तरच जेट कारण. आपल्या नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेक हाच: असताना घडतं, नसताना घडत नाही. जॉन स्टुअर्ट मिलनं १८४३ मध्ये तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात भेदाची रीत मांडली, तिचाही गाभा हाच.

धावेनंतर मिळणारी चिठ्ठीही नीट वाचावी लागते. तिच्यावर पहिल्या ६० फुटांची वेळ असते आणि शेवटचा वेगही. साठ फुटांची वेळ सुधारली पण शेवटचा वेग तोच राहिला, तर बहुधा टायरची पकड सुधारली, इंजिन नव्हे. दोन्ही आकडे नुसत्या एकूण वेळेत मिसळले, की कारण हरवतं.

चुकीचं कारण धरण्याची किंमत इथे रोख मोजावी लागते. गारव्यानं मिळालेला वेग लहान जेटच्या नावावर जमा केला, तर माणूस पुढच्या वेळी आणखी लहान जेट घालतो. दाट हवा, त्यात पेट्रोल कमी. सिलिंडरमधली उष्णता वाढते, ठोके पडतात आणि पिस्टनला भोक पडू शकतं. म्हणून पूर्ण वेगाच्या धावेनंतर लगेच इंजिन बंद करून प्लग काढून पाहतात. काजळी असेल तर पेट्रोल जास्त. चिनीमाती पांढरीफटक असेल, तर सावध. तिच्यावर ॲल्युमिनियमचे बारीक कण दिसले, तर ते पिस्टनचेच. चिठ्ठी वेग वाढल्याचं सांगत असेल, पण प्लग त्याची किंमत सांगतो.

आपण औषध बदलतो, खत बदलतो, मुलाची शिकवणी बदलतो. बरं झालं की शेवटच्या बदलाला हार घालतो. त्याच काळात हवा बदलली होती का, हे विचारत नाही. आजच्या गोष्टीतून एवढा प्रश्न बरोबर न्यावा. इथे थांबतो, आता तुमच्या शंका घेऊ.