उंच आकाशातील श्वास

अलिबागच्या किंवा मुरुडच्या किनाऱ्यावर तुम्ही छाती भरून श्वास घेतला असेल. तिथे, समुद्रसपाटीला, हवेचा दाब भरपूर असतो. जसजसे वर जावे, तसतसा तो कमी होतो. सुमारे ५,५०० मीटर उंचीवर तो निम्मा होतो. हवेतील प्राणवायूचे, म्हणजे ऑक्सिजनचे, प्रमाण तिथेही शेकडा २१ असते. पण हवाच विरळ असल्यामुळे प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो.

मोठ्या प्रवासी विमानात यंत्राने हवेचा दाब वाढवलेला असतो. बहुतेक लहान खाजगी विमानांत ही सोय नसते. सह्याद्री ओलांडताना त्यामुळे अडचण येत नाही. कारण महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई हेही १,६४६ मीटरच आहे. त्याहून पुष्कळ उंच जायचे असेल, तर प्राणवायू बरोबर न्यावा लागतो. अमेरिकेत असा नियम आहे, की सुमारे ३,८०० मीटरच्या वर अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ उडायचे असेल, तर वैमानिकाने प्राणवायू घेतलाच पाहिजे.

पण प्राणवायू जवळ असून भागत नाही. तो वेळेवर घ्यावा लागतो. सन १८७५ मध्ये तीन फ्रेंच माणसे 'झेनिथ' नावाच्या बलूनमधून ८,००० मीटरच्या वर गेली. प्राणवायूच्या पिशव्या त्यांच्याजवळच होत्या. नळी तोंडाला लावायची होती, पण हात उचलेना! दोघे मरण पावले. वाचलेल्या तिसऱ्याने लिहिले, की त्या वेळी त्रास वाटला नाही, उलट आनंदच वाटत होता.

हाच खरा धोका आहे. प्राणवायू कमी पडला की आधी मेंदू मंदावतो, आणि आपण मंदावलो आहोत हे मेंदूलाच कळत नाही. म्हणून शहाणा वैमानिक 'मला बरे वाटते' यावर विसंबत नाही. उडण्यापूर्वी तो टाकी किती भरली आहे ते पाहतो. झडप, नळी आणि मुखवटा तपासतो. टाकीजवळ तेल, ग्रीस किंवा विडी-सिगारेट येऊ देत नाही, कारण प्राणवायूमुळे आग भडकते. वर गेल्यावर तो बोटाला ऑक्सिमीटर लावून रक्तातील प्राणवायू मोजतो.

२६ नोव्हेंबर २००५ रोजी विजयपत सिंघानिया मुंबईहून बलूनमधून २१,०२७ मीटर उंचीवर गेले आणि सुखरूप उतरले. ते हवेचा दाब राखणाऱ्या बंद कक्षात बसले होते. धाडस हवेच, पण त्याची तयारी जमिनीवरच करावी लागते.