अदिस अबाबातील कॉफीचे तीन फेरे

अदिस अबाबात वास्तव्यास आल्यापासून ज्या एका प्रथेने माझ्यावर पुरता अंमल बसवला आहे, ती म्हणजे येथील कॉफीपानाचा विधी. जमिनीवर हिरवे गवत पसरून, धूप जाळून, यजमानीणबाई हिरवट बिया धुऊन निखाऱ्यांवरील तव्यात भाजतात आणि त्या काळसर होऊन तेलाने चकाकू लागल्या, की तो धुमसता तवा प्रत्येक पाहुण्यापुढून फिरवतात. तो धूर हाताने आपल्याकडे ओढून घेणे हा शिष्टाचाराचाच भाग होय. मग कांडलेली पूड ‘जबेना’ नामक लांब मानेच्या मृत्तिकापात्रात उकळते आणि बिनकानाच्या इवल्या पेल्यांतून अबोल, तोना व बरका असे तीन फेरे होतात. त्याच चोथ्यावर पुन्हा पाणी घातले जात असल्याने प्रत्येक फेरा सौम्य होत जातो. पहिल्याच पेल्यानंतर उठणे गैर. घाईच्या माणसाने मुळात आमंत्रणच स्वीकारू नये. सोबत मक्याच्या लाह्या असतात.

जेवणासाठी मात्र शाकाहारी मंडळींनी बुधवार-शुक्रवार साधावा. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती समाजाच्या त्या उपवासदिनी मांस, दूध, अंडी वर्ज्य असल्याने खानावळींत ‘बेयायनेतु’ हमखास मिळते: टेफ या धान्याच्या आंबवलेल्या पिठाच्या ‘इंजेरा’ नामक घावनावर मसूर, भाज्या आणि आपल्या पिठल्याचे सख्खे भावंड शोभावे असे शिरो. बेर्बेरे मसाल्याचा तिखटपणा मात्र कोल्हापूरकरांनीही अदबीनेच घ्यावा.